‘ॲकोलाइट’ कोण कुणाला म्हणतं?

*ताई,*

*मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. एकट्या राहिलेल्या बायकांची रेशनकार्डं, निराधार योजनेचे अर्ज, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावून घेणं, अशी कामं असतात. संस्था ज्यांनी उभी केली त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. कॉलेज संपल्यापासून मी त्यांच्याच हाताखाली आहे. त्यांनी मला घडवलं. आता सामाजिक धोरण शिकायला परदेशात जायचं ठरवलंय, म्हणून जीआरई या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चालू आहे. शब्दांच्या यादीत ‘ॲकोलाइट’ हा शब्द आला. पुढे अर्थ होता, ‘निष्ठावान मदतनीस’. मला वाटलं, हा तर माझ्यासाठीच केलेला शब्द! विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनात पहिल्याच वाक्यात मी स्वतःला अक्कांची ॲकोलाइट म्हटलं. बाहेर शिकणाऱ्या मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, ‘हा शब्द आधी काढ. वाचणाऱ्याला वाटेल, तू डोळे मिटून मागे जाणारी आहेस.’ मला फार लागलं. यादीतला अर्थ खोटा होता का? की कुणावर निष्ठा असणंच आता कमीपणाचं झालंय? आणि दुसरं म्हणजे, असले शब्द आठवडाभरही डोक्यात राहत नाहीत. पाठ करते, विसरते. काय करू?*

*– एक वाचक, जि. सोलापूर*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं शब्दापुरतं बरोबर आहे. अक्कांवरच्या तुझ्या निष्ठेला त्याने काडीचाही धक्का लागत नाही. शब्द काढून टाक, निष्ठा राहू दे. ती निवेदनात कशी आणायची ते पुढे सांगते.

यादीतला अर्थ खोटा नव्हता, अर्धा होता. मदत करणाऱ्या माणसासाठी भाषेत जेवढे शब्द असतात, ते त्या माणसाविषयी जेवढं सांगतात तेवढंच बोलणारा कुठे उभा आहे हेही सांगतात. हे तुला मराठीत शिकवावं लागत नाही. एखाद्या नेत्याच्या मागेपुढे वावरणारा एकच माणूस बघ. त्याच्या बाजूची माणसं त्याला ‘साहेबांचा उजवा हात’ म्हणतात, ‘खंदा कार्यकर्ता’ म्हणतात. विरोधक त्यालाच ‘बगलबच्चा’ म्हणतात, ‘होयबा’ म्हणतात, आणि चारपाच जण एकत्र दिसले की ‘चेलेचपाटे’. माणूस तोच, काम तेच. तू सोलापुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर बसून यातला कुठला शब्द कुणाच्या तोंडून आला हे डोळे मिटून सांगशील. इंग्रजीत मात्र आपल्या हातात फक्त यादी असते. यादीवर ‘निष्ठावान मदतनीस’ एवढंच छापलेलं असतं आणि आपण त्याला ‘उजवा हात’ समजून बसतो. ‘ॲकोलाइट’ आजच्या इंग्रजीत पुष्कळदा ‘चेलेचपाटे’च्या शेजारी बसतो.

पण तो शब्द तिथे कसा येऊन बसला ते बघण्यासारखं आहे, आणि ते एकदा कळलं की तू तो विसरणार नाहीस.

मूळ ग्रीक. ‘अकोलुथोस’ म्हणजे सोबत किंवा मागून चालणारा. त्यातला पहिला ‘अ’ आपल्या ‘अशक्य’मधल्या ‘अ’सारखा नकार सांगणारा नाही, तो ‘सोबत’ असं सांगतो. पुढचा भाग वाटेसाठीच्या ग्रीक शब्दापासून आलेला. एका वाटेने सोबत चालणारा तो अकोलुथोस. आपल्या ‘अनुयायी’चीही बांधणी जवळपास अशीच आहे, ‘अनु’ म्हणजे मागून आणि ‘या’ म्हणजे जाणं. ग्रीकमधून तो शब्द लॅटिनमध्ये आला आणि चर्चमधल्या एका पदाचं नाव झाला. वेदीवरच्या मेणबत्त्या लावणं, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी द्राक्षारस आणि पाणी वेदीपाशी नेऊन देणं, धर्मगुरूंच्या हाताशी उभं राहणं, हे त्या पदाचं काम.

इथे एक पत्र तुझ्यासाठी मुद्दाम काढलं. इसवी सन २५१च्या सुमारास रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी अँटिओकचे बिशप फेबियस यांना लिहिताना आपल्या चर्चमधल्या माणसांची मोजदाद दिली आहे. ४६ धर्मगुरू, ७ डीकन (धर्मगुरूंच्या खालचं पद), ७ उपडीकन आणि ४२ ॲकोलाइट. आणि त्याच दमात ते लिहितात की, १५००हून जास्त विधवा आणि अडचणीतल्या माणसांचा भार आमचं चर्च उचलतं. म्हणजे हा शब्द जिथे पहिल्यांदा पदाचं नाव म्हणून ठळक दिसतो, तिथे त्याच पानावर तुझ्या कामाची माणसं आहेत. शब्द वाचून तुला ‘हा माझाच’ असं वाटलं, त्यात वेडेपणा काहीच नव्हता.

चर्चमध्ये तो मान आजही टिकून आहे. कॅथलिक चर्चमध्ये पूर्वी ते धर्मगुरू होण्याच्या वाटेवरच्या खालच्या चार पायऱ्यांपैकी एक होतं. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्या पायऱ्या मोडीत काढल्या, पण वाचक (मिस्सात बायबल वाचणारा) आणि ॲकोलाइट ही दोन कामं सेवापदं म्हणून ठेवली. ती रीतसर मिळत होती फक्त पुरुषांना. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियांनाही ती पदं रीतसर खुली झाली. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठी मिस्साला गेलीस, तर वेदीपाशी पांढऱ्या झग्यात उभी असलेली मुलंमुली दिसतील. त्यांच्या हातून होतं ते मूळचं ॲकोलाइटचंच काम. तिथे कुणी नाक मुरडत नाही.

चर्चबाहेर पडल्यावर मात्र शब्दाचा रंग बदलला. एखाद्या मोठ्या विचारवंताभोवती, पुढाऱ्याभोवती, उद्योगपतीभोवती जमणाऱ्या लोकांना इंग्रजी लिहिणारे ॲकोलाइट म्हणू लागले. त्यात सूर असा की, हा माणूस म्हणजे यांचा देव आणि हे त्याचे पुजारी. देवाचा पुजारी असणं मानाचं, माणसाचा पुजारी असणं संशयाचं. सगळा उतार एवढ्या एका फरकातून आला आहे. प्रत्येक वेळी तो शिवी असतो असं नाही. फ्रॉइडच्या मतांचा प्रसार करणाऱ्या त्याच्या शिष्यांना एखादा इतिहासकार सरळपणे ॲकोलाइट म्हणून जाईल. पण तू वाचताना तीन गोष्टींवर नजर ठेव. तो बहुतेकदा अनेकवचनात येतो. बहुतेकदा त्याच्या आधी ‘त्याचे’, ‘तिचे’ असा मालकी दाखवणारा शब्द असतो. आणि तो जवळजवळ नेहमीच दुसऱ्याने तिसऱ्याविषयी वापरलेला असतो. स्वतःला ॲकोलाइट म्हणवणारं माणूस फार क्वचित सापडतं. तुझ्या निवेदनात नेमकं तेच घडलं होतं, म्हणून मैत्रीण दचकली.

अशी घसरण या एकाच शब्दाची झालेली नाही. ‘हेंचमन’ घे. त्यात ‘हेंगेस्ट’, म्हणजे घोडा, हा जुना इंग्रजी शब्द दडलेला आहे. सरदाराचा घोडा सांभाळणारा, मिरवणुकीत त्याच्या बाजूने चालणारा तो हेंचमन. इंग्लंडच्या राजदरबारात खानदानी घरातली मुलं हे काम करायची. आज हेंचमन म्हटलं की गुंडाच्या मागचा गुंड डोळ्यासमोर येतो. ‘मर्मिडन’ म्हणजे होमरच्या महाकाव्यातले अकिलीजचे सैनिक, युद्धात नावाजलेले. आज तो शब्द वरून आलेला हुकूम विचार न करता राबवणाऱ्यांसाठी वापरतात. मला वाटतं, यामागचं कारण एकच आहे. जो प्रश्न न विचारता मागे उभा राहतो, त्याच्या पदरात मालकाच्या चुकाही पडतात, आणि मालकाची बदनामी झाली की त्याच्या मदतनिसाच्या नावावरही तो डाग कायमचा बसतो.

सगळ्याच शब्दांचं असं झालं नाही, हेही सांगायला हवं. ‘अमॅन्युएन्सिस’ हा तुझ्या यादीत पुढेमागे येईलच. लॅटिनमध्ये हाताशी असलेला सेवक, म्हणजे सांगितलेलं लिहून घेणारा. दृष्टी गेल्यावर इंग्रज कवी मिल्टनने आपलं महाकाव्य असंच दुसऱ्यांकडून लिहून घेतलं आणि ते १६६७ मध्ये छापलं गेलं. या शब्दाचा मान टिकला. आपल्याकडे त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत आहे. शके १२१२ला ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा ‘आदरें’ लेखक झाले, असं ती ओवी सांगते. ‘अमॅन्युएन्सिस’ लक्षात ठेवायचा असेल तर नेवाशाचा तो प्रसंग डोळ्यांपुढे आण, यादीची गरजच उरणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न. निष्ठा कमीपणाची झाली आहे का?

महादेवभाई देसाईंचं नाव तू ऐकलं असशील. १९१७ पासून ते गांधीजींचे चिटणीस. पत्रं, भाषणं, दौऱ्यातल्या नोंदी, सगळं त्यांच्या हातून जायचं. गांधीजींच्या आत्मकथेचं गुजरातीतून इंग्रजी भाषांतरही त्यांचंच. ९ ऑगस्ट १९४२ला अटक झाली, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर त्यांना ठेवलं, आणि आठवडा उलटायच्या आत, १५ ऑगस्टला, तिथेच त्यांचं हृदयविकाराने निधन झालं. समाधी त्याच आवारात आहे. पुण्याला जाशील तेव्हा बघ. पंचवीस वर्षं दुसऱ्या माणसासाठी झिजलेल्या या माणसाला कुठला शब्द लावायचा? गांधीजींचा कट्टर विरोधक सहज म्हणाला असता, ‘ॲकोलाइट’. स्नेह्यांनी उजवा हात म्हटलं असतं. कामाच्या भाषेत ते चिटणीस.

पण १९३८ची एक गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. ओरिसात गांधी सेवा संघाचं अधिवेशन होतं. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन जगन्नाथपुरीच्या मंदिरात जाऊन आल्या. त्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता, म्हणून गांधीजी फार दुखावले आणि त्यांनी महादेवभाईंनाही दोष दिला, की तुम्ही त्यांना समजावायला हवं होतं. महादेवभाईंना ते पटलं नाही. त्यांनी सरळ निघून जाण्याची परवानगी मागितली. गांधीजींनी त्यांना सोडलं नाही, पण महादेवभाईंनी आपली बाजू ‘हरिजन’ साप्ताहिकात छापून मांडली. निष्ठा होती, म्हणून इतकी वर्षं राहिले. स्वतःचं मत होतं, म्हणून भांडलेही. ‘ॲकोलाइट’ या शब्दात या दुसऱ्या गोष्टीला जागा नाही. तुझ्या मैत्रिणीला जे खटकलं ते एवढंच.

तेव्हा स्वतःला विचार, अक्कांशी तुझा मतभेद कधी झाला? झालाच असेल. तहसीलला गर्दी करून जायचं की एकेकीचा अर्ज चिकाटीने लावून धरायचा, यावर झाला असेल. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या रेशनकार्डातून कधी कमी करायचं, यावर झाला असेल. तो प्रसंग निवेदनात आला, तर तुझी निष्ठा वाचणाऱ्याला जास्त खरी वाटेल.

निवेदनाचं सांगते. स्वतःसाठी नाम शोधूच नकोस. ‘मी अमुकची अमुक आहे’ या वाक्यातून प्रवेश समितीला काही कळत नाही. क्रियापदं शोध. समज, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन एक बाई तहसीलला गेली आणि उत्पन्नाच्या दाखल्यात नाव माहेरचं, आधारवर सासरचं, म्हणून तिला परत पाठवलं. तू तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेलीस, प्रतिज्ञापत्र करून घेतलंस, पुन्हा अर्ज लावलास, आणि मग तुझ्या लक्षात आलं की त्या गावात याच कारणाने अडकलेल्या आणखी बायका आहेत. तू वही केलीस, नावं लिहिलीस, अक्कांपुढे ठेवलीस. हे असंच्या असं लिही. ‘अक्कांच्या मार्गदर्शनाखाली’ हे एकदा आलं की पुरे. इंग्रजीत ‘वर्क्ड अलाँगसाइड’ म्हटलंस तर खांद्याला खांदा लावून काम केल्याचा भाव येतो, ‘अंडर’ म्हटलंस तर हाताखाली. तुझ्या नात्यात दोन्ही असेल, तर आधी ‘अंडर’ आणि शेवटच्या काही महिन्यांबद्दल लिहिताना ‘अलाँगसाइड’ वापर. समितीला तुझी वाढ त्या दोन शब्दांतच दिसेल.

‘मॅन फ्रायडे’ किंवा ‘गर्ल फ्रायडे’ असले प्रयोगही कुणी सुचवले तर घेऊ नकोस. १७१९च्या एका इंग्रजी कादंबरीतला गोऱ्या माणसाने वाचवलेला आणि चाकर करून ठेवलेला फ्रायडे त्यात आहे. सामाजिक धोरण शिकवणाऱ्या विभागात हे कुणाच्याही लक्षात येईल.

आता पाठांतराचं. तू विसरतेस, यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती काळाने किती उरतात ते मोजायचं. पहिल्या काही तासांतच बराच भाग पुसला जातो आणि मग गळती मंदावते, असं त्याला आढळलं. त्याने अर्थ नसलेले गट मुद्दाम निवडले होते. यादीतला सुटा शब्द आणि त्यापुढचे दोन मराठी शब्द हे आपल्या मेंदूला त्या अक्षरगटांपेक्षा फारसे वेगळे लागत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या हजारो शब्दांच्या पुस्तकांवर माझा राग आहे तो यासाठी. मुलं वर्षवर्ष त्यात घालवतात, आणि शब्द समोर आला की ‘पाहिल्यासारखा वाटतो’ एवढंच उरतं. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची तेव्हा खेड्यातून आलेल्या, कष्टाळू मुलांचंच यात जास्त नुकसान झालेलं पाहिलं, कारण दिलेली यादी तीच प्रामाणिकपणे पाठ करतात.

तू असं कर. रोज मोजके शब्द घे, आठदहा पुरे. प्रत्येकासाठी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद. मागच्या बाजूला शब्द. पुढच्या बाजूला अर्थ लिहायचा नाही, वाक्य लिहायचं आणि शब्दाची जागा रिकामी सोडायची. वाक्य चांगल्या वर्तमानपत्रातलं घे किंवा शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशातलं. अशा शब्दकोशांतला एक गाजलेला कोश ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने जपानमध्ये तयार केला, १९४२ मध्ये तोक्योत तो छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. परक्या भाषकाला शब्दाचा अर्थ कळून भागत नाही, तो वाक्यात कुठे बसतो हे कळायला हवं, हे त्याला वर्गात शिकवताना कळलं होतं. म्हणून त्यात उदाहरणं असतात, आणि एखादा शब्द नापसंतीचा असेल तर तशी खूणही असते. इंग्रजी-मराठी ॲपमध्ये हे बहुतेक नसतं.

वाक्याखाली दोन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिही. हा शब्द कोण कुणाविषयी म्हणेल? आणि मी तो स्वतःविषयी म्हणेन का? ‘ॲकोलाइट’च्या कार्डावर असं काहीतरी येईल: ‘निवडणूक हरल्यावरही त्याच्या ______ना तो चुकला असं मान्य नव्हतं. पत्रकार पुढाऱ्याच्या गोतावळ्याविषयी म्हणेल. स्वतःविषयी नाही. जवळचा मराठी सूर: चेले, भक्तगण.’ कार्डावरचं वाक्य अर्थात इंग्रजीत असू दे. उच्चारही लिही, जोर पहिल्या अक्षरावर, ‘ॲ’वर. आणि स्पेलिंगमध्ये ‘लाइट’ ‘एल-वाय-टी-ई’ असं आहे, प्रकाशाच्या लाइटसारखं नाही.

उजळणी वाचून करू नकोस, आठवून कर. वाक्य बघ, शब्द तोंडाने म्हण, मग कार्ड उलट. आला तर कार्ड तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. नाही आला तर उद्या पुन्हा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांच्या खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार आडवे लावलेस की झालं. अँड्रॉइड मोबाइलवर फुकट मिळणारं अँकी हे ॲपही हेच करतं, पण कार्ड स्वतः लिहिल्याने जो अर्धा शब्द डोक्यात बसतो तो तयार संच उतरवून घेतल्याने बसत नाही.

परीक्षेच्या दृष्टीनेही हेच उपयोगाचं आहे. पूर्वी जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांतल्या साधर्म्याचे सुटे प्रश्न असायचे. ऑगस्ट २०११ मध्ये ते काढून टाकले. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षाही आटोपशीर झाली, भाषेच्या भागात आता २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. सगळे प्रश्न वाक्यातून किंवा उताऱ्यातूनच येतात. एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. समज, वाक्य असं आहे: ‘गुरूच्या मृत्यूनंतर त्याचे ______ त्याचा सिद्धांत काना-मात्राही न बदलता मांडत राहिले.’ पर्यायांत ॲकोलाइट, डिसायपल, रायव्हल, क्रिटिक, पेट्रन आणि बायोग्राफर यांची अनेकवचनं आहेत. ‘काना-मात्राही न बदलता’ या शब्दांनी वाक्याचा सूर पकडून दिला, की पहिले दोन हाताला लागतात. ज्याने फक्त ‘मदतनीस’ पाठ केलंय तो ‘पेट्रन’वर अडखळेल, कारण आश्रयदाताही मदतच करतो.

एक गोष्ट आधी तपासून घे. परदेशातल्या बऱ्याच विभागांनी आता जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा मागणंच सोडलं आहे. तुझ्या यादीतल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या अटी नीट वाच. कुठेच लागत नसेल, तर तो वेळ आणि परीक्षेचं भरमसाट शुल्क वाचव आणि सगळं लक्ष निवेदनावर दे.

शेवटी अक्कांच्या शिफारसपत्राबद्दल, कारण ते तू विचारलं नाहीस आणि गडबड तिथेच होण्याची शक्यता जास्त. अक्का बहुधा मराठीत सांगतील आणि कुणीतरी इंग्रजीत उतरवेल. त्या मायेने म्हणतील, ‘पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही.’ मराठीत हे कौतुक आहे. इंग्रजीत ते जसंच्या तसं उतरलं, तर तू स्वतः काही ठरवत नाहीस असा त्याचा अर्थ निघेल, आणि मैत्रिणीची भीती दुसऱ्या दाराने आत येईल. ‘ही माझा उजवा हात आहे’ असं म्हणाल्या तर ते खुशाल शब्दशः येऊ दे, इंग्रजीतही उजव्या हाताला तोच मान आहे. ‘मदतनीस’ म्हणाल्या तर भाषांतर करणाऱ्याने ‘हेल्पर’ लिहू नये. ‘असिस्टंट’ही चालेल, पण संस्थेच्या कागदावर तुझं जे पद आहे ते लिहिणं सर्वांत बरं. अक्कांना आधीच विनंती कर की, तुझ्या दोनतीन कामांची नावं, गावं आणि त्यातून काय झालं एवढं त्यांनी सांगावं, आणि तू एखादी गोष्ट त्यांच्या मनाविरुद्ध करून दाखवली असशील तर तीही सांगावी. उतरवणाऱ्याबरोबर एकदा बस. मजकुरात तुझा हात नको, पण नावं, पदं आणि तारखा तपासून दे. पत्रावर सही त्यांची, ईमेल त्यांचा स्वतःचा, आणि विद्यापीठाकडून येणारी लिंक त्यांच्या ईमेलवर आली की लगेच कळवायला सांग, कारण ती बरेचदा स्पॅममध्ये जाऊन पडते आणि मुदत निघून जाते.

तुझी,
ताई